मिथिलिन ब्ल्यू सोडून दुसरा विषय घ्यावा का? पर्यावरणस्नेही वस्त्रनिर्मितीतल्या संशोधनाबद्दल सल्ला हवा आहे

आडवा_धागा

नमस्कार मंडळी,

वस्त्र-रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचं माझं शेवटचं वर्ष सुरू झालंय आणि महिनाअखेरीस प्रबंधाचा विषय लिहून द्यायचाय. मार्गदर्शकांनी सुचवलेला विषय असा: शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्याचा कोळसा करायचा आणि पाण्यातला मिथिलिन ब्ल्यू हा निळा रंग त्यावर किती शोषला जातो ते मोजायचं. काम आटोपशीर आहे, साहित्य हाताशी आहे, एखादा शोधनिबंधही निघेल. पण या विषयावर आधीचं काय झालंय ते पाहायला बसलो, तर इतके निबंध निघाले की माझ्या कोळशाने त्यात काय भर पडणार हेच कळेना.

म्हणून गेले दोन आठवडे बाकीचं वाचतोय. पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडमध्ये रंगाई, एन्झाइमने पॉलिएस्टर तोडणं, जिवाणूंकडून इंडिगो, मिठाशिवाय रिअॅक्टिव्ह (तंतूशी रासायनिक जोडल्या जाणाऱ्या रंगांची) रंगाई, जुन्या कपड्यांपासून नवा तंतू. आज एक पटतं, उद्या दुसरं. प्रत्येक निबंधात शेवटी ‘ही पद्धत उद्योगासाठी आशादायक आहे’ असं लिहिलेलं असतं. ती पुढे उद्योगात गेली का, हे मात्र कुणी लिहीत नाही.

जे रोज कारखान्यात काम करतात त्यांना विचारायचंय: यातलं खरोखर काय वापरात येतंय, कुठे अडलंय आणि एका वर्षात साध्या प्रयोगशाळेत मी कशाला हात घालावा? माझ्याकडे बीकर डाईंग मशीन, स्पेक्ट्रोफोटोमीटर, पीएच आणि कंडक्टिव्हिटी मीटर आणि एक लहान ओझोन जनरेटर आहे. एन्झाइम बनवण्याची किंवा दाबाखाली काम करण्याची सोय नाही.

रंगखाते

मी रंगाईच्या प्रयोगशाळेत २२ वर्षं आहे. सुती निट कापडाचे रिअॅक्टिव्ह लॉट हे माझं रोजचं काम, त्यामुळे पुढचं सगळं त्याच अनुभवातून सांगते.

आधी मिथिलिन ब्ल्यू, कारण त्यावर खर्ची पडणारी तरुण मुलांची वर्षं पाहून मला खरंच वाईट वाटतं. हा रंग धन प्रभाराचा. कोळशाच्या पृष्ठभागावर बहुतेक वेळा ऋण प्रभार असतो, तो याला झटकन धरतो आणि आलेख देखणा येतो. पण सुती रंगाईतून मिथिलिन ब्ल्यू बाहेर पडतच नाही. आमच्याकडून जातो तो हायड्रोलिसिस झालेला, म्हणजे तंतूऐवजी पाण्याशीच जोडला जाऊन निकामी झालेला, रिअॅक्टिव्ह रंग. तो ऋण प्रभाराचा, सल्फोनेट गट लावून मुद्दाम पाण्यात विरघळणारा केलेला. सोबतीला मीठ, सोडा अॅश (रंग जोडायला लागणारा अल्कली), सोपिंग एजंट आणि १० ते ११ पीएच. डिस्टिल्ड पाण्यात एकट्या मिथिलिन ब्ल्यूचं ९८ टक्के शोषण दाखवणारा कोळसा या पाण्यात टिकतो का, हे बहुतेक निबंधांत पाहिलेलंच नसतं. शिवाय कोळसा रंगाने भरला की पुढे काय? तो जाळायचा, पुरायचा की पुन्हा धुवायचा, याचं उत्तर शोधणं हे खरं संशोधन होईल.

आता एका लॉटचा हिशोब मांडते, म्हणजे दुखणं कुठे आहे ते दिसेल. ५०० किलो कापड, गडद शेड, एक किलो कापडाला ८ लिटर पाणी. म्हणजे ४,००० लिटरचा बाथ. रंग पाण्यातून तंतूकडे जावा म्हणून गडद शेडला लिटरमागे ८० ग्रॅम मीठ धरा: ३२० किलो मीठ. रंग कापडाच्या ४ टक्के, म्हणजे २० किलो. त्यातला ७० टक्के तंतूशी पक्का जोडला गेला असं धरलं तर ६ किलो रंग पाण्यासोबत निघून जातो. या न जोडलेल्या रंगाचा काही भाग रंगाईनंतर कापडावर नुसता चिकटून बसलेला असतो. तो धुऊन काढल्याशिवाय धुलाईचा पक्केपणा येत नाही, म्हणून रंगाईनंतर रिन्स, न्यूट्रल, गरम सोपिंग, पुन्हा रिन्स असे सात-आठ बाथ सहज होतात. त्यातलं एकच सोपिंगचं पाणी ३० वरून ९५ अंशांवर न्यायला सुमारे ३०० युनिट विजेइतकी उष्णता लागते. रंगाई एका बाथात होते आणि उरलेला सगळा खर्च धुण्यात जातो. संशोधन मात्र त्या एका बाथाभोवतीच फिरतं. निबंधात ‘एक्झॉशन ९२ टक्के’ लिहिलेलं असतं. तंतूवर चढलेला रंग आणि तंतूशी जोडला गेलेला रंग यांत फरक आहे आणि पाण्याचं बिल त्या फरकातून येतं.

रिअॅक्टिव्ह रंग १९५६ मध्ये बाजारात आले. दोन रिअॅक्टिव्ह गट असलेले नवे रंग जास्त चांगले जोडले जातात, हे मान्य. पण पाण्याशी होणारी स्पर्धा संपलेली नाही. तोच अल्कली रंगाला सेल्युलोजशी जोडतो आणि तोच पाण्याशीही जोडतो. नीलसर हिरव्या टर्क्वॉइजची गोष्ट तर वेगळीच. कॉपर थॅलोसायनिनचा तो मोठा थोरला रेणू तंतूत नीट शिरत नाही, जोडणीही कमी होते आणि पाण्यात जाताना सोबत तांबं नेतो. टर्क्वॉइजचा लॉट लागला की आमच्या सांडपाणी प्रकल्पावरची माणसं आधी फोन करून विचारतात, किती वाजता सोडणार?

मिठाशिवाय रंगाईबद्दल. कापसाला आधी धन प्रभार द्यायचा, म्हणजे ऋण रंग आपोआप ओढला जातो. त्यासाठी क्लोरो-हायड्रॉक्सीप्रोपिल-ट्रायमिथाइल-अमोनियम क्लोराइड वापरतात. नाव लांबलचक आहे, आम्ही ‘कॅटायोनायझर’ म्हणतो. आम्ही चाचणी घेतली तेव्हा मीठ शून्य होतं आणि रंगाईच्या शेवटी बाथचं पाणी जवळजवळ नितळ दिसलं. मी त्या पाण्याचा ग्लास हातात धरून उभी होते, इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता. कापड सुकलं तेव्हा दोन्ही काठ गडद आणि मध्य फिका. पॅडिंगनंतर, म्हणजे कापड रसायनात बुडवून रोलरमध्ये पिळल्यावर, सुकवताना रसायन काठांकडे सरकलं होतं, आणि जिथे प्रभार जास्त तिथे रंग जास्त. साध्या रंगाईत रंग हळूहळू चढतो, इकडून तिकडे सरकतो, चूक थोडीफार भरून निघते. इथे तो लागला तिथे बसतो. पुढे एक गोष्ट आणखी लक्षात आली. असं कापड धुलाईत दुसऱ्या कपड्यांचा सुटलेला रंगही पकडतं. वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे रंग पकडणारे कागद याच तत्त्वावर चालतात. शिवाय हे रसायन अल्कलीत आधी इपॉक्साइड बनतं आणि ते विषारी आहे; न जोडला गेलेला भाग पाण्यात जातो. तरीही ही दिशा मला आवडते. समरूपतेवर काम करणारे हवे आहेत.

दुसरी एक दिशा म्हणजे पाण्याऐवजी डी-५ नावाच्या सिलिकोन द्रवात रंगाई. कापसात थोडं पाणी ठेवायचं, रंग त्या पाण्याकडे धावतो, मीठ लागत नाही. निकाल फार चांगले आहेत. पण हाच डी-५ २०१८ मध्ये युरोपच्या अतिचिंताजनक रसायनांच्या यादीत गेला, कारण निसर्गात तो फार टिकतो आणि सजीवांत साठतो. निबंध वाचताना आकड्यांसोबत त्या द्रवाचं पुढे काय होतं हेही विचारत जा.

आणि एक जुनी पद्धत, जिच्यावर माझं फार प्रेम आहे: कोल्ड पॅड बॅच. रंग आणि अल्कली एकत्र पॅड करा, रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळा, साध्या तापमानाला रात्रभर फिरत ठेवा, सकाळी धुवा. मीठ नाही, रंगाईला वाफ नाही. सिलिकेट वापरलं तर ते नंतर रोलरवर आणि मेम्ब्रेनवर बसतं, हा एक त्रास. पण ‘नवं’ नाही म्हणून तिच्यावर काम करायला विद्यार्थी मिळत नाहीत.

जाता जाता: ‘औद्योगिक जलप्रदूषणापैकी २० टक्के रंगाईमुळे’ हे वाक्य प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहू नका. मी एकदा त्याचा माग काढला. एक अहवाल दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि मोजमाप केलेला मूळ अभ्यास मला शेवटपर्यंत सापडला नाही. आपल्या धंद्याचं प्रदूषण खरं आहे, त्याला उसन्या आकड्याची गरज नाही. ५०० किलोला ३२० किलो मीठ, हा आकडा पुरेसा आहे.

चिंधी_ते_सूत

ताईंनी रंगाईचं सांगितलं, मी पुनर्वापराचं सांगतो. मी कपडे वेगळे करण्याच्या आणि फाडण्याच्या बाजूला काम करतो.

जगात २०२३ मध्ये सुमारे १२.४ कोटी टन तंतू तयार झाले. त्यात पॉलिएस्टर निम्म्याहून जास्त, ५७ टक्के. कापूस २० टक्क्यांच्या आसपास. ‘रिसायकल्ड पॉलिएस्टर’ म्हणून जे विकलं जातं ते जवळजवळ सगळं बाटल्यांपासून येतं. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा शर्ट केला की ती साखळी तिथे थांबते. जुन्या कपड्यापासून नवा कपडा हा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे खरं संशोधन तिथे चाललंय.

एन्झाइमची कहाणी तुम्ही वाचली असेलच. जपानमधल्या साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ पीईटी (बाटल्यांचं प्लास्टिक, पॉलिएस्टरही तेच) खाणारा जिवाणू सापडला, तो निबंध २०१६ चा. २०२० मध्ये फ्रान्समधल्या गटाने कंपोस्टमधल्या पानांत सापडलेल्या दुसऱ्याच एन्झाइममध्ये बदल करून १० तासांत ९० टक्के पीईटी तोडून दाखवलं. मोठी झेप आहे ती. पण कपड्याचा धागा ताणून, तापवून बनवलेला असतो, त्यामुळे त्याची स्फटिकता जास्त असते आणि एन्झाइमला आत शिरता येत नाही. आधी वितळवून, झटकन थंड करून तो मऊ करावा लागतो. शिवाय तुटताना टेरेफ्थॅलिक आम्ल निघतं. पीएच टिकवायला कॉस्टिक घालावा लागतो, मग आम्ल वेगळं काढायला सल्फ्युरिक घालावं लागतं, आणि शेवटी सोडियम सल्फेट उरतं. ताई, तुमचं मीठ इथेही आलं!

कापसाचं थोडं वेगळं. यंत्राने फाडलं की तंतू आखूड होतो, मग त्यात नवा कापूस मिसळून ओपन एंड प्रकारच्या सूतकताई यंत्रावर जाडसर सूत काढायचं, हे जुनं तंत्र. विरघळवून नवा तंतू काढणं ही नवी दिशा. वापरून, धुऊन कापसाच्या सेल्युलोजच्या साखळ्या तुटलेल्या असतात आणि फाडणाऱ्याच्या दृष्टीने ते नुकसानच. पण विरघळवणाऱ्याला फार लांब साखळी नकोच असते, कारण द्रावण घट्ट होतं. थकलेला कापूस त्याला सोयीचा पडतो. लायोसेल हा तंतू असाच बनतो, त्यात एनएमएमओ नावाचा द्रावक वापरतात आणि तो ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळतो. विस्कोस बनवताना लागणाऱ्या विषारी कार्बन डायसल्फाइडपासून सुटका. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात आयनिक द्रवांत विरघळवण्यावर बरीच वर्षं काम झालंय.

अडतं कुठे, तर बटणं, शिवणीचा दोरा आणि इलॅस्टेन, म्हणजे कपड्याला ताण देणारा लवचिक तंतू. लेबलावर ‘कापूस ९५, इलॅस्टेन ५’ वाचलं की माझ्या छातीत धस्स होतं. तो ५ टक्के गाळण्यांत अडकतो. इन्फ्रारेडने वेगळं करणारी यंत्रं आली आहेत, पण काळा कपडा तो प्रकाश परत देतच नाही आणि दुहेरी थराच्या कपड्याचा फक्त वरचा थर दिसतो.

आणि तंत्र जमलं म्हणजे झालं असंही नाही. स्वीडनमधल्या सुंड्सवाल इथे जुन्या सुती कपड्यांपासून लगदा करणारा मोठा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. लगदा तयार होत होता, पण ऑर्डर्स पुरेशा आल्या नाहीत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे नव्या मालकाने ती नव्या नावाने घेतली. मी त्या दिवशी घरी जाऊन कुणाशी बोललो नाही.

आडवा_धागा

ताई, दादा, मनापासून आभार. ताईंचा हिशोब मी वहीत उतरवून घेतला. दोन प्रश्न. कार्बन डायऑक्साइडमधली रंगाई खरंच पाण्याशिवाय होते का, आणि होत असेल तर सगळे का करत नाहीत? आणि माझ्या साधनांत, मिठाच्या प्रश्नावर काही करता येईल का? ओझोन जनरेटर वर्षभर झाकून ठेवलाय.

रंगखाते

होते, आणि फार सुंदर होते. मी ते यंत्र एकदाच चालताना पाहिलंय. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश तापमान आणि ७३.८ बार दाबाच्या वर गेला की तो द्रवासारखा विरघळवतो आणि वायूसारखा पसरतो. पॉलिएस्टरचे डिस्पर्स रंग त्यात विरघळतात, साधारण १२० अंश आणि २५० बारच्या आसपास तंतूत शिरतात. दाब उतरवला की वायू निघून जातो, उरलेला रंग भुकटी होऊन खाली पडतो आणि कापड कोरडंच बाहेर येतं. सुकवण्याचा खर्चही नाही. डिस्पर्सिंग एजंट नाही. वायूचा बराचसा भाग पुन्हा वापरता येतो. नेदरलँड्समधल्या कंपनीने अशी यंत्रं विकलीही आहेत.

आता अडचण. २५० बार सहन करणारं भांडं जाड पोलादाचं लागतं, ते महाग असतं आणि एका वेळी मर्यादित कापड घेतं. शेड बदलताना आतली सफाई वेळ खाते. आणि कापूस? कापसाला फुगायला पाणी लागतं. या वायूत तो मिटलेलाच राहतो. रिअॅक्टिव्ह रंग ध्रुवीय, ते त्यात विरघळत नाहीत. म्हणजे पॉलिएस्टरचं उत्तर मिळालं, कापसाचं नाही. ‘पाण्याशिवाय रंगाई’ असं नुसतं लिहिलेलं दिसलं की कोणता तंतू ते आधी पाहायचं.

तुमच्या विषयाबद्दल. झाकलेला ओझोन जनरेटर काढा.

मला बरीच वर्षं एक प्रश्न छळतोय. रंगाई झाल्यावर पहिला बाथ सोडतो त्यात बहुतांश मीठ असतं. कापड किलोमागे दोन-तीन लिटर पाणी धरून ठेवतं. उरलेलं, म्हणजे मिठाचा अंदाजे दोन-तृतीयांश भाग, त्या एका बाथात बाहेर पडतो. पुढच्या रिन्समध्ये मीठ पातळ होत जातं. आपण हे सगळं एकाच टाकीत मिसळतो, मग मेम्ब्रेन लावतो, मग इव्हॅपरेटरमध्ये उकळून मीठ वेगळं काढतो. आधी मिसळायचं आणि मग वेगळं करायला वाफ जाळायची. तो पहिला बाथ वेगळा धरला, ओझोनने त्यातला रंग तोडला आणि तेच खारं पाणी पुढच्या लॉटला वापरलं तर? कल्पना नवी नाही, यावर निबंध आहेत. पण बहुतेकांत एका शेडवर एकदा वापरून थांबलेलं असतं. पाचव्या, सहाव्या वेळी शेडचं काय होतं ते कुणीतरी चिकाटीने मोजायला हवं.

आम्ही कारखान्यात करून पाहिलं होतं, दोन लॉट बरे गेले. तिसऱ्याला शेड मळकट आणि फिकी आली. कारण शोधायला मला महिना लागला. एक, ब्लीचिंगमधलं पेरॉक्साइड कापडात शिल्लक राहिलं होतं. ते तोडणाऱ्या कॅटालेज एन्झाइमची मात्रा कमी पडली होती. दोन, पाण्यातला कार्बोनेट ओझोनची ताकद खात होता, त्यामुळे रंग पूर्ण तुटला नव्हता, आणि अर्धवट तुटलेले पिवळट तुकडे कापडावर बसत होते. व्यवस्थापनाने चाचणी बंद केली. त्यांचंही बरोबर होतं, ५०० किलोचा लॉट बिघडवून शिकणं परवडत नाही. बीकरमध्ये ५ ग्रॅम कापडावर मात्र परवडतं. हे काम विद्यार्थ्यानेच करण्यासारखं आहे.

दोन सूचना आत्ताच. साधं मीठ घेऊ नका, ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, घ्या. क्लोराइड असलं की ऑक्सिडेशनमध्ये क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ बनण्याची शंका येते आणि मग परीक्षक तिथेच अडवतील. आणि वापरलेल्या बाथात सोडा अॅश असतो. तो तसाच ठेवून नवा रंग घातला तर रंग समान पसरण्याआधीच जोडला जाईल आणि डाग पडतील. ओझोनच्या आधीच सल्फ्युरिक आम्लाने पीएच ६ ते ७ वर आणा. कार्बोनेटही निघून जाईल. फेस येतो, हळूहळू घाला. त्यातून बनणारं सोडियम सल्फेट हे तुमचंच मीठ आहे, ते हिशोबात धरा.

किण्वन

मी सूक्ष्मजीवशास्त्राची आहे, इंडिगोचा उल्लेख झाला म्हणून लिहिते.

तुमच्या वर्षभराच्या कामाचा हा विषय नाही, पण कल्पना कळावी अशी आहे. इंडिगो पाण्यात विरघळत नाही. तो कापडात जावा म्हणून हायड्रोसल्फाइटने क्षपण करावं लागतं, आणि त्यातून सल्फाइट, सल्फेट पाण्यात जातं. वनस्पती हे कसं सांभाळते? ती इंडिगो साठवतच नाही. त्याच्या आधीच्या रेणूला, इंडॉक्सिलला, साखर जोडून ठेवते. पान फाटलं की साखर सुटते आणि निळा रंग उमटतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या गटाने साखर जोडणारं ते एन्झाइम ई. कोलाय जिवाणूत घातलं. जिवाणूने इंडिकन बनवलं, ते कापडावर लावून दुसऱ्या एन्झाइमने साखर तोडली आणि निळा कापडातच तयार झाला. हायड्रोसल्फाइट नाही. मी तो निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा पहिल्या पानावर जाऊन वाचला. आता काम आहे ते प्रमाण वाढवण्याचं. कृत्रिम इंडिगो १८९७ पासून कारखान्यात बनतोय, त्याच्या स्वस्ताईशी गाठ आहे.

एक गोष्ट जाता जाता. नैसर्गिक तंतू वापरला की सूक्ष्मतंतूंचा प्रश्न मिटला, असं समजू नये. २०२० मध्ये समुद्राच्या पृष्ठभागावरच्या तंतूंची ओळख पटवणारा एक मोठा अभ्यास आला. त्यात कृत्रिम तंतू फक्त ८.२ टक्के निघाले, सुमारे ८० टक्के सेल्युलोजचे होते आणि बाकीचे प्राणिज. रंग आणि फिनिश चढवलेला कापूस पाण्यात किती काळ टिकतो, हा उघडा प्रश्न आहे. रंगखाते ताईंनी सुचवलेल्या प्रयोगातले कापडाचे तुकडे फेकून न देता मातीत पुरून पाहावेत असं मला वाटतं.

आडवा_धागा

मार्गदर्शकांशी बोललो. आधी त्यांना पटेना, म्हणाले ओझोनवर खूप झालंय. मग ताईंचा ५०० किलोचा हिशोब दाखवला आणि ‘सहा वेळा तोच बाथ’ सांगितलं. त्यांनी स्वतः कागद ओढून मिठाचा ताळेबंद मांडायला घेतला! विषय असा ठरतोय: ओझोनने रंगहीन केलेल्या सल्फेटयुक्त बाथचा सलग सहा वेळा पुनर्वापर, तीन शेडवर. काळा, लाल आणि टर्क्वॉइज घ्यावेत असं वाटतंय. कोळसाही पूर्ण सोडत नाही. ओझोननंतरचे पिवळट तुकडे तो धरतो का, हे एक प्रकरण होईल. नमुने कसे घ्यावेत आणि कशाला पास म्हणावं, एवढं सांगा.

रंगखाते

कोळशाचं ते प्रकरण फार छान सुचलं, मला सुचलं नव्हतं.

टर्क्वॉइज शेवटी ठेवा. तो तुटला की तांबं मोकळं होतं आणि पाण्यातच राहतं, प्रत्येक फेरीत वाढत जाईल. तांबं मोजायची सोय दुसऱ्या विभागात आहे का ते आधी विचारा. नसेल तर टर्क्वॉइजच्या जागी नेव्ही घ्या आणि कारण प्रबंधात लिहा.

पास म्हणजे: ताज्या पाण्यात, ताज्या मिठात रंगवलेल्या तुकड्याशी तुलना करून सीएमसी सूत्राने रंगफरक १ च्या आत. पण नुसता हा आकडा देऊ नका, उजळपणा आणि झळाळीचे आकडे वेगळे द्या. फिकं झालं की मळकट झालं हे त्यावरून कळतं, आणि त्यावरून दोष रंग वाया जाण्याचा आहे की तुकडे बसण्याचा तेही कळतं. ताज्या मिठाचे किमान पाच तुकडे आधी रंगवून त्यांचा आपसातला फरक काढा. तुमच्या हाताचाच फरक ०.६ असेल तर ०.७ वर आनंद मानता येणार नाही. धुलाईचा आणि घासण्याचा पक्केपणा दोन्ही तपासा. घासण्याचा ओल्या कापडाने, कारण न जोडलेला रंग तिथेच आधी पकडला जातो.

मिठासाठी कंडक्टिव्हिटी चालेल, पण ग्लॉबर सॉल्टची स्वतःची रेषा काढून घ्या, पुस्तकातली नको. तिसऱ्या फेरीनंतर आम्लातून आलेलं सल्फेट वाढलेलं दिसेल, तेवढं ताजं मीठ कमी घाला.

आणि धुण्याचं पाणी. प्रत्येक रिन्सचा ग्लास जपून ठेवा, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर प्रकाशाचं शोषण मोजा, किती लिटर लागलं ते लिहा. पुनर्वापराच्या बाथामुळे धुण्याला एक बाथ जास्त लागला तर मिठात वाचवलेलं पाण्यात गेलं, आणि ते प्रबंधात दिसलं पाहिजे.

ओझोन बंद केल्यावर बाथ तासभर उघडा ठेवा, मग पेरॉक्साइडची पट्टी बुडवून पाहा. पट्टी पांढरी राहिली तरच रंग घाला. पहिला तुकडा सुकल्यावर त्याचा फोटो इथे टाका, काठांसकट.